समुद्राला दरवाजा

मी एका माणसाचं नाटक दुरुस्त केलं. त्याने सांगितलं नव्हतं, त्याच्या मुलीनेही सांगितलं नव्हतं. पण सांगायची वाट बघणाऱ्यांतली मी नाही. आमच्या पुण्याच्या घरी वर्तमानपत्रसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचायची पद्धत होती. लग्नपत्रिका आली की वडील आधी तिच्यातल्या चुका काढायचे आणि मग लग्न कुणाचं ते बघायचे. ती सवय मी इथे जर्मनीत, एर्लांगेनला, घेऊन आले. वैद्यकीय यंत्रांच्या वापरपुस्तिका तपासणं हे माझं इथलं काम आहे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं सुधारण्याचाच मला पगार मिळतो. मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची जबाबदारीही माझ्याचकडे. तिथे पगार नाही, पण अधिकार बराच आहे.

ती मुलगी पहिल्यांदा आली पाडव्याच्या कार्यक्रमाला. तिशीची असेल. साडीवर जाड जॅकेट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात सायकलचं हेल्मेट. मी दारापाशी टेबल टाकून नव्या लोकांची नावं लिहून घेत होते. नाव झालं की आम्ही दुसरा प्रश्न विचारतो, मूळचे कुठले. ती म्हणाली, "मॉरिशस." मी लिहिलं आणि पुन्हा विचारलं, "हो, पण मूळचे?"

"मूळचे रत्नागिरी असे घरात सांगतात. पण गाव कोणते, ते कागदावर नाही. पाच पिढ्या झाल्या," ती म्हणाली.

पाच पिढ्या म्हटल्यावर माझा हात थांबला. उसाच्या मळ्यांवर कामाला म्हणून कोकणातून जहाजं भरून माणसं त्या बेटावर गेली होती, हे मला शाळेतल्या इतिहासासारखं माहीत होतं. त्यातल्या कुणाची तरी खापरपणती सायकलवरून येऊन माझ्यासमोर उभी राहील असं मनात आलं नव्हतं. आणि ती मराठी बोलत होती. बोलत होती म्हणजे, धड्यातली वाक्यं एकेक करून समोर ठेवत होती. चहा दिला तर म्हणाली, "मी आपली आभारी आहे." आमच्या टेबलाभोवतीची दोघं-तिघं हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली. मीही हसले असेन.

ती इथल्या विद्यापीठात साहित्याची डॉक्टरेट करत होती. पूर्वी परक्यांच्या राज्याखाली असलेल्या बेटांवर आता कोण कोणत्या भाषेत लिहितं आणि का, हा तिचा विषय. मला तो विषय नीट कळला नाही. मग तिने स्वतःच्या घरातलं उदाहरण दिलं. घरात क्रेओल, म्हणजे बेटावरची रोजची बोली, बोलतात. पुस्तकं फ्रेंचमधली वाचतात. परीक्षा इंग्रजीत देतात. आणि आरती मराठीत म्हणतात.

"मग तुझी भाषा कोणती?" मी विचारलं.

तिने माझ्या मुलीकडे बघितलं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. त्या क्षणी ती जॅकेटवरून माझ्याशी भांडत होती, आणि तेही जर्मनमध्येच.

"तुमची मुलगी कोणत्या भाषेत रागावते?" तिने विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विषय बदलला.

मग ती आमच्याकडे येऊ लागली. मला ताई म्हणायला मीच सांगितलं. रविवारी यायची, पोहे खायची, माझ्याशी मराठी बोलायची, अडली की इंग्रजीत शिरायची. एका रविवारी तिने तिच्या वडिलांबद्दल सांगितलं.

तिचे वडील तिकडे प्राथमिक शाळेत मराठीचे शिक्षक होते. तिकडे मुलांना पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकता येते. आणि दरवर्षी गावागावांत मराठी नाटकांची चढाओढ असते. वडील दर वर्षी एक नाटक लिहीत आणि गावातल्या लोकांकडून बसवून घेत. ऊसतोडीवरचे, हॉटेलांत काम करणारे, बसचे कंडक्टर असे सगळे त्यांचे नट. त्यांतल्या बऱ्याच जणांना देवनागरी वाचता येत नसे. वडील प्रत्येकाला त्याची वाक्यं रोमन अक्षरांत लिहून देत, अर्थ क्रेओलमध्ये समजावत, आणि सहा-सहा आठवडे ती माणसं मराठी वाक्यं पाठ करत फिरत. ती म्हणाली, "आमच्या शेजारचे काका दाढी करताना राजाची वाक्ये बोलायचे. त्यांना दुसरे मराठी येत नव्हते."

 मराठी यावं म्हणून मी आयुष्यात कधी सहा आठवडे घालवले नव्हते.

वडिलांना पहिलं बक्षीस कधीच मिळालं नाही. एकदा महाराष्ट्रातून एक पाहुणे परीक्षक आले होते. नाटक संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, विषय चांगला, भाषा कच्ची. वडिलांनी त्यानंतरही नाटकं लिहिली, पण ते वाक्य ते विसरले नाहीत. आणि आता त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, चेहऱ्याची उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टर फारसं काही आश्वासन देत नव्हते.

तिने पिशवीतून एक कागदांची चळत काढली. वडिलांच्या वहीची छायाप्रत होती. पस्तीस पानं, ठसठशीत गोल अक्षर, शाळेतल्या फळ्यावर काढतात तसं. "ताई, हे मंडळात करता येईल का?" ती म्हणाली, आणि पुढचं इंग्रजीत बोलली, कारण तिला ते नीट सांगायचं होतं. पापांना, म्हणजे वडिलांना, आयुष्यात एकच गोष्ट बघायची राहिली आहे. खरी मराठी माणसं समोर बसली, तर ती त्यांच्या मराठीला हसतात की त्यांच्या विनोदाला.

मी लगेच हो म्हटलं; प्रयोग चित्रित करून त्यांना दाखवायचा असंही ठरलं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

नाटक मी दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर स्वयंपाकघरात वाचलं. कुकर लावला होता. गोष्ट साधी होती. बेटावरचं एक घर, घरात दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाच्या दिवशी समुद्र खवळतो, लाटा रस्त्यावर येतात, पोलीस किनारा बंद करतात. देव घरातच राहतो. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. देव घरात असेपर्यंत मासे शिजवायचे नाहीत, आणि आजोबांचा जीव खारवलेल्या माशावर. आजी देवापाशी बसून राहते. मुलगा पोलिसाला भेटून येतो आणि सांगतो:

"आई, पोलीस बोलतो समुद्र बंद आहे."

"समुद्र कसा बंद होणार? त्याला दरवाजा आहे का?"

मी मोठ्याने हसले. एकटीच, कुकरसमोर. मग पुढे आजोबा देवाला हात जोडून म्हणतात, "देवा, तू राहा, तुझे घर आहे. पण तू डोळे मीट, मी एक मासा खातो." तिथे मी पुन्हा हसले. शेवटाला समुद्र शांत होतो, पोलीस किनारा उघडतात, मुलगा पाट उचलायला वाकतो आणि आजी त्याचा हात धरते. "आता नेले तर तो कुठे जाणार? आपण पाच पिढ्या इथे. त्याला तिकडचा रस्ता माहीत नाही. देवाला आता घराची सवय झाली." मुलगा पाट खाली ठेवतो. पडदा.

शेवट मी दुसऱ्यांदा वाचला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला. तरी तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. हसले तेही नाही. 

जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं, लाल पेन घेतलं आणि कामाला लागले.

मी वाईट हेतूने काही केलं नाही. डोळ्यांसमोर आमचं मंडळ होतं. चहाच्या वेळी "मी आपली आभारी आहे"ला हसलेले लोक होते. "पोलीस बोलतो" ऐकलं की दुसऱ्या रांगेतून खसखस पिकणार, आणि तो आजारी माणूस तिकडे ते चित्रीकरणात ऐकणार. ते मी होऊ देणार नव्हते. म्हणून आधी वाक्यं सरळ केली. वाक्यं सरळ झाल्यावर वाटलं, अशी घडीव बोलणारी माणसं ऊसमळ्यात काय करतायत? म्हणून ऊस काढला आणि भात लावला. भात आला तसं कोकण आलं. कोकणातल्या गावात पोलीस कशाला किनारा बंद करेल, म्हणून नदीला पूर आणला आणि पोलिसाच्या जागी सरपंच उभा केला. नदीला पूर आल्यावर समुद्राच्या दरवाजाचं वाक्य राहूच शकत नव्हतं. ते गेलं. खारवलेल्या माशाचे सुके बोंबील झाले, कारण बोंबील म्हटलं की आमचे लोक हमखास हसतात. एक बदल केला की दुसरा करावाच लागतो, हे मला कामावरून ठाऊक आहे. एका पानावरचा आकडा बदलला की सगळी पुस्तिका तपासावी लागते.

शेवटाला मात्र मी हात लावणार नव्हते. तो लावायला लावला आमच्या अध्यक्षांनी. त्यांना मी सुधारलेली प्रत वाचून दाखवली. त्यांना बोंबील आवडले. शेवट ऐकून ते अस्वस्थ झाले.

"आल्झो, नाटक झकास आहे," ते नेहमीसारखे जर्मन 'तर'ने सुरुवात करून म्हणाले. "पण विसर्जन न होणारा गणपती आपल्याला नको हं. गणेशोत्सवात नाही. लोकांच्या घरी लहान मुलं आहेत, कुणाचं काही बरंवाईट झालं तर आपल्या माथी येईल. शेवटी सगळ्यांनी मिळून पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं, प्रेक्षकही म्हणतील. काय जोरदार होईल बघा!"

मी म्हटलं, बघते. घरी येऊन पाहिलं, आणि खरंच जोरदार होत होतं. नदीचा पूर ओसरतो, आजी डोळे पुसते, मुलगा पाट उचलतो, ढोल वाजतो. आजीची शेवटची चार वाक्यं मी खोडली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आजीचं काम माझ्या मुलीने करायचं ठरलं. ती मराठी बोलत नाही, पण पाठांतर चांगलं. देवनागरी तिला अक्षर अक्षर जोडून वाचावं लागतं, म्हणून मी तिची वाक्यं रोमन लिपीत लिहून काढली, जर्मन पोरांना जशी वाचता येतील तशी. तीन पानं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की एका बेटावर एक माणूस आयुष्यभर हेच करत होता. मी पेन खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

मुलीला जुनी प्रतही दिसली. तिने तीही वाचली, बोट ठेवून ठेवून, दोन संध्याकाळी लावून. कुठलंही मराठी पान तिने आपण होऊन वाचल्याचं मला आठवत नाही. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि जर्मनमध्ये विचारलं, समुद्र का काढलास?

मी सांगितलं, लोकांना कळणार नाही.

तिने विचारलं, कुठल्या लोकांना? मला कळलं की.

मी सांगितलं, शेवटही अशुभ वाटेल, गणपतीचं विसर्जन व्हायलाच पाहिजे. त्यावर ती हसायलाच लागली. "आबर उन्झर गणपती वोन्ट डोख इम केलर!" म्हणाली. म्हणजे, आपला गणपती तर तळघरातच राहतो.

ते खरंच होतं. इथे नदीत मूर्ती सोडू देत नाहीत. आमच्या मंडळाचा गणपती पितळेचा आहे. दर वर्षी आम्ही त्याला गेमाइंडेसालमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, आणतो, आरती करतो, लेझीम खेळतो, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडतो आणि त्याला बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात घालून अध्यक्षांच्या केलरमध्ये ठेवतो. स्कीच्या बुटांशेजारी. इतक्या वर्षांत कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. मला त्या पोरीचा राग आला. राग यायचं कारण ती बरोबर होती, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

या काळात मॉरिशसची ती संशोधक ड्युसेलडॉर्फला तीन आठवडे कुठल्याशा ग्रंथालयात बसली होती. परत आली ती थेट तालमीला. शेवटच्या रांगेत बसून तिने पूर्ण नाटक बघितलं. मी मधूनमधून तिच्याकडे बघत होते. ती हसली नाही आणि रडलीही नाही. तालीम संपल्यावर खुर्च्या रचताना माझ्याजवळ आली.

"ताई, समुद्र?"

मी सगळी कारणं दिली. प्रेक्षक, अध्यक्ष, विसर्जन. शिवाय पापांना कुणी हसायला नको, हेही सांगितलं. माझा आवाज मला फार समजूतदार वाटत होता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही मराठी आहात. तुम्हाला माहीत."

मी म्हटलं, "अगं, तूही मराठीच आहेस."

त्यावर ती खुर्चीवर बसली आणि इंग्रजीत बोलू लागली. म्हणाली, मी याच गोष्टीवर दोनशे पानं लिहिली आहेत. बाहेरचा माणूस येतो, आपलं लिहिलेलं सुधारतो आणि आपण आभार मानतो, यावर. आणि आज तुम्ही सांगितलंत तर मला पटलं. मला खरंच पटलं, हेच मला कळत नाहीये. घरी गेल्यावर मला तुमचा राग येईल की माझा, तेही सांगता येत नाही.

मग तिने मराठीत "मी आपली आभारी आहे" म्हटलं आणि हेल्मेट उचललं. ते तिने मुद्दाम म्हटलं की सवयीने, मला ठरवता आलं नाही. मी तिला थांबवू शकले असते. अजून दोन आठवडे होते, जुनी प्रत हाताशी होती, माझ्या मुलीला तर ती जवळजवळ पाठ झाली होती. पण तालमी झाल्या होत्या, बॅनर छापून आलं होतं, नदीचा पडदा रंगवून वाळत होता. पडद्याचं कारण मी स्वतःला अनेकदा सांगितलं.

प्रयोग रविवारी दुपारी झाला. सभागृह सहाच्या आत रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून आम्ही जेवणाआधीच नाटक घेतलं. न्युरेम्बर्गहूनही लोक आले होते. सुरुवातीला मी घोषणा केली की हे नाटक मॉरिशसच्या एका निवृत्त शिक्षकांचं आहे. टाळ्या पडल्या. नाटकाला लोक पोट धरून हसले. बोंबलाला तर इतके हसले की पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. शेवटी ढोल वाजला, सगळे उभे राहिले आणि "पुढच्या वर्षी लवकर या"ने ते सभागृह दणाणलं. हाउसमाइस्टर, म्हणजे सभागृहाचा रखवालदार, घड्याळ दाखवायला दारात आला होता, तोही टाळ्या वाजवू लागला. माझी मुलगी पांढरा विग लावून मध्यभागी उभी होती आणि ओठ मिटून होती. मला म्हणाली, विग टोचत होता.

माझ्या नवऱ्याने पडदा उघडल्यापासून सगळं चित्रित केलं. पुढच्या शनिवारी दुपारी ती संशोधक लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. तिला ते एकटीने करायचं नव्हतं, असं ती म्हणाली. मलाही तिथे असायचं होतं. आतून मला शाबासकी हवी होती, हे मी आता कबूल करते.

पडद्यावर तिचे वडील दिसले. उशांना टेकून बसवलेले, पांढरा सदरा, केस भांग पाडून बसवलेले. आई मागे उभी होती. मी "नमस्कार सर" म्हटलं. त्यांनी डावा हात वर केला. मग आम्ही चित्रफीत सुरू केली आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात त्यांचा चेहरा दिसत राहिला.

मी नाटकाकडे बघितलंच नाही, त्या चौकोनाकडे बघत बसले. पडदा उघडला तसे त्यांचे ओठ हलू लागले. ते वाक्यं म्हणत होते. शिक्षक नाटक बसवताना विंगेत उभे राहून म्हणतात तशी, आवाज न करता. पण रंगमंचावर वेगळंच काही चाललं होतं. ते थोडं थांबले, वाट बघितली, पुन्हा पुढचं वाक्य म्हणून बघितलं. तेही जुळलं नाही. असं तीन-चारदा झालं. मुलगा सरपंचाकडून परत आला तेव्हा त्यांनी मान पुढे केली. आता समुद्राचा दरवाजा येणार होता. आला नाही. नदीला पूर आलाय म्हणून आजीने कपाळाला हात लावला आणि सभागृह हसलं. त्यानंतर त्यांचे ओठ हलले नाहीत.

ते शेवटपर्यंत बघत राहिले, अगदी शिस्तीने, परीक्षक बघतात तसे. ढोल वाजला, लोक ओरडले, चित्रफीत संपली.  माझी मुलगी दारात येऊन उभी होती. पडद्यावर मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने क्रेओलमध्ये काहीतरी विचारलं, त्यांनी हातानेच थांब म्हटलं. मग ते माझ्याशी बोलले. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत, आणि मराठीत.

"फार चांगले झाले. भाषा पक्की आहे." थोडं थांबून त्यांनी श्वास घेतला. "आता माझे कधी करणार?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, पण दोन तऱ्हांनी. ते हे दुसऱ्याच कुणाचं नाटक समजले होते का? आधी मंडळाचं एक, मग आपलं, असं? की त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी माझी चूक माझ्या पदरात घातली होती? मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. डावी बाजू हसल्यासारखी दिसत होती, उजवी हलत नव्हती. अर्ध्या चेहऱ्यावरून काय ओळखणार? त्यांच्या मुलीकडे बघितलं तर तिने डोळे मिटून घेतले होते.

त्यांना जे हवं होतं ते माझ्याकडे होतं. सर, मी हसले होते. या इथे, कुकरसमोर, एकटी, आणि तुमच्या मराठीला नाही, तुमच्या विनोदाला. समुद्राला दरवाजा आहे का, या वाक्याला. देवाला सवय झाली, तिथे माझी डाळ बिघडली. एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, आणि पुण्याच्या घरातल्या त्या पेन्सिलीने मला स्वतःची चूक मोठ्याने वाचायला कधी शिकवलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून आलं ते सवयीचं आलं.

"पुढच्या वर्षी, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डावा हात पांघरुणावरून थोडासा उचलला.

"लवकर," ते म्हणाले.